योंबल आणि मागचा ग्ळ

योंबलची निवड झाली ती त्याच्या दातांमुळे.

त्या बेटावरचा देश स्वतंत्र व्हायला अजून वर्षभर अवकाश होता. कोंदुगेच्या डोंगरधारेवर गवत कापून केलेल्या पट्टीवर एक लहानसं विमान उतरलं आणि त्यातून मिस हेडविग खाली आली. सोबत दोन पत्र्याच्या पेट्या, एक काळी छत्री आणि आवाज साठवणारं यंत्र. तिला कोंदुगेची बोली शिकायची होती, कागदावर उतरवायची होती, आणि त्यासाठी तिला रोज सकाळी समोर बसणारं एक तोंड हवं होतं. दुभाष्याने हे सांगितलं तेव्हा म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मग योंबलचा बाप म्हणाला, "तोंडच पाहिजे ना? मग दात बघून देऊ. डुक्कर घेताना नाही का बघत?"

सगळे हसले, पण बघितले मात्र खरंच. विशीतले पाचसहा जण ओळीने उभे केले. कुणाचा पुढचा दात शेजारच्या टोळीशी झालेल्या मारामारीत गेलेला, कुणाचे ऊस खाऊन खाऊन किडलेले. योंबलचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते. बापाने त्याला पाठीत हलकेच गुद्दा घातला आणि मिसच्या पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मिस एखाद्या वस्तूकडे बोट दाखवायची, योंबलने तिचं नाव तीनदा म्हणायचं. रताळं, रताळं, रताळं. कुऱ्हाड, कुऱ्हाड, कुऱ्हाड. यंत्रातली चाकं फिरायची, मिस हिरव्या शाईने एका चिठ्ठीवर काहीतरी लिहायची आणि चिठ्ठी खोक्यात टाकायची. गावाने आठवड्याच्या आत त्याचं नाव ठेवलं 'तीनदा'. रताळ्याच्या वाफ्यात वाकलेल्या बायका त्याला वाटेवर गाठायच्या. "काय रे तीनदा, भूक लागली का? लागली का? लागली का?" तो तसाच पुढे जायचा, पण मनातून त्याला बरं वाटत असे. आजवर त्याचं बोलणं कुणी एकदाही नीट ऐकलं नव्हतं. आता एक परकी बाई ते तीन तीनदा ऐकत होती.

तिसऱ्या महिन्यात मिस 'आई' या शब्दापाशी येऊन ठेपली.

कोंदुगेच्या बोलीत दोन ल आहेत. एक पुढचा. जिभेचं टोक दातांमागे टेकवून म्हणायचा, तो आपल्याला सहज जमतो. दुसरा मागचा. तो म्हणताना जिभेचं टोक खाली निजून राहतं, जिभेचं बूड वर उचलून टाळूच्या पार मागच्या, मऊ भागाला लागतं, आणि वारा दोन्ही बाजूंनी दाढांवरून निसटतो. गिळता गिळता ल म्हटल्यासारखा. तो लिहायला आपल्याकडेही अक्षर नाही. मी इथे 'ग्ळ' लिहितो आहे, पण ती माझी सोय झाली. कोंदुगेच्या माणसाने हे वाचलं तर तोही हसेल. तर मागच्या ग्ळने म्हटलं की 'ओग्ळो', म्हणजे आई. आणि पुढच्या लने म्हटलं की 'ओलो', म्हणजे शेंबूड.

मिसने पाठीला पोर बांधून चाललेल्या बाईकडे बोट दाखवलं. योंबल म्हणाला, "ओग्ळो, ओग्ळो, ओग्ळो." मिसने मान डोलावली, ओठ ओले केले आणि मोठ्या प्रेमाने त्या बाईला हाक मारली, "ओलो!"

योंबलला हसू आवरेना. तो पोट धरून हसला, बाकावरून खाली घसरला. दारात जमलेली पोरं ओरडत पळाली, "मिसने तिला शेंबूड म्हटलं!" मिस लालबुंद झाली. तिने यंत्र बंद केलं, आत गेली, आणि बांबूच्या भिंतीपलीकडून तिचे हुंदके ऐकू आले. तीन महिने ती एकटी होती, ओल्या कपड्यांत, पिसवा चावत असलेल्या अंथरुणात. त्या हसण्याने तिचा बांध फुटला.

बापाला हे कळलं तेव्हा तो योंबलवर तापला. "पाहुणीला रडवलंस? आपल्या चुलीवरचं खाते ती. तिची आई कुठे, बाप कुठे, कुणी आहे का इथे तिला? ती म्हणेल त्याला हो म्हणायचं, समजलास? तिला काय इथे लग्नाची बोलणी करायला उभं राहायचंय?"

दुसऱ्या सकाळी मिस डोळे सुजलेल्या चेहऱ्याने पुन्हा समोर बसली. तिने दोन चिठ्ठ्या पुढे ठेवल्या आणि दोन्ही शब्द आपल्या परीने म्हणून दाखवले. तिच्या तोंडून दोन्ही सारखेच निघत होते. "दोन्ही एकच का, योंबल?" तिने विचारलं. "आवाज एकच आणि अर्थ दोन, असं आहे का?"

योंबलने तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं.

"एकच," तो म्हणाला.

मिस हसली. तिने वहीत तशी नोंद केली, दोन्हींवर एकच अक्षर लिहिलं आणि चिठ्ठ्या खोक्यात टाकल्या.

वर्षं गेली. योंबलचं नुमायशी लग्न झालं. नुमाय खालच्या खोऱ्यातली, जिभेने कुऱ्हाडीसारखी. पहिल्याच वर्षी मिस तिच्या बाळंतपणाला धावून आली होती, उलटं आलेलं पोर तिने हाताने वळवून बाहेर काढलं होतं, म्हणून नुमायचा तिच्यावर जीव होता. त्या जिवापायीच ती नवऱ्याच्या मागे लागायची.

"अरे ए, पोरीच्या बापा, सांग ना तिला. इतकी चांगली बाई, आणि रविवारी प्रार्थनेला साऱ्या गावासमोर 'माझ्या शेंबडांनो, बसा' म्हणते."

"सगळ्यांना कळतं तिला काय म्हणायचंय ते."

"कळतं म्हणून तर सगळे खाली माना घालून खोकतात. माझ्या बहिणीला तर परवा हसू दाबता दाबता उचकी लागली."

मिस आल्याच्या सहाव्या वर्षी त्याने धीर केला. तोवर खोक्यांची संख्या अकरा झाली होती. योंबल बाकावर बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की हे सांगायला आपल्याकडे शब्दच नाही. कोंदुगेत बोलण्याला शब्द होता, हाकेला होता, पाखराच्या साद घालण्याला होता, पाण्याच्या खळखळीला तर चारपाच होते. पण शब्दाच्या पोटात जो बारका आवाज असतो त्याला काहीच नाव नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. 

"मिस," तो म्हणाला, "एक तोंडाच्या दारात राहतो. एक पार मागे, चुलीपाशी राहतो. तू दोघांना एकाच घरात टाकलंस."

"कोण राहतो?" मिसने विचारलं.

"तो... आईतला. आणि नाकातला."

मिसने विचार केला. तिने यंत्र लावलं, त्याला दोन्ही शब्द म्हणायला सांगितले, पुन्हा पुन्हा ऐकले. तिच्या कानांना फरक लागतच नव्हता; लागला तरी तो तिला योंबलच्या घाईचा वाटत होता. "तू भरभर बोललास की जीभ मागे जाते," ती मायेने म्हणाली. "मी तपासलंय. भाऊ आहेत ते दोघे, योंबल. एकाच घरात राहू दे." आणि मग तिने पहिल्या वर्षाची वही काढून दाखवली. "हे बघ, तूच सांगितलं होतंस. एकच."

योंबलने वहीकडे बघितलं. त्याला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण ते पान आपल्याविरुद्ध साक्ष देतंय एवढं त्याला कळलं. "हो," तो म्हणाला, "मीच सांगितलं होतं."

पुढे मुळाक्षरं ठरवायची सभा भरली. मिसने फळ्यावर वीस अक्षरं लिहिली आणि म्हाताऱ्यांना विचारलं, यांत कोंदुगेची सगळी बोली बसते का? त्या दिवशी खड्ड्यात तापलेल्या दगडांवर दोन डुकरं भाजत होती, वास सगळीकडे पसरला होता, आणि म्हाताऱ्यांपैकी एकालाही वाचता येत नव्हतं. सगळ्यांनी योंबलकडे बघितलं. तोंड त्याचं होतं, तेव्हा त्याला ठाऊक असणार. योंबलने मान डोलावली आणि सगळ्या माना डोलल्या.

त्यानंतर तेरा वर्षांनी पुस्तक आलं.

सरकारने तेव्हा पहिल्या काही इयत्तांना गावच्या बोलीत शिकवायचं ठरवलं होतं. मिसने गावातल्याच गोष्टी गोळा करून वाचनाचं पुस्तक केलं. पहिला माणूस पूर आलेल्या नदीतून आपल्या आईला पाठीवर घेऊन कसा या धारेवर आला, ती गोष्ट सगळ्यांत आधी. योंबलच्या बापानेच ती सांगितली होती. तो आता हयात नव्हता. पट्टीवर विमानातून साठ प्रती उतरल्या. गावाने फुलांच्या माळा घातल्या, डुकरं मारली, चार कोसांवरून माणसं आली. नवा मास्तर गवेरा, समुद्राकाठचा, कोंदुगेचा एक शब्द न येणारा. पण अक्षरं त्याला येत होती, म्हणून उद्‌घाटनाचं वाचन त्याच्याकडे आलं.

त्याने घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं. पहिल्या माणसाने आपला शेंबूड पाठीवर घेतला. शेंबूड म्हणाला, बाळा, मला भीती वाटते. पहिला माणूस म्हणाला, शेंबडा, घट्ट धर.

आधी मागच्या रांगेतली पोरं फुटली. मग बायका. मग म्हातारे, जे इतकी वर्षं रविवारी खोकत आले होते, ते गुडघ्यांवर थापा मारून हसायला लागले. गवेरा मास्तर गोंधळला, मग त्याला वाटलं गोष्टच विनोदी आहे, म्हणून तो हातवारे करून आणखी जोरात वाचायला लागला. माणसं गवतावर लोळली.

मिस हेडविग पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिने योंबलचा हात घट्ट धरला. "ऐकतोस ना? हसतायत! स्वतःच्या भाषेतलं ऐकून हसतायत! बावीस वर्षं, योंबल! आजच्या दिवसासाठी बावीस वर्षं!"

"हो, मिस," योंबल म्हणाला. त्याचा हात तिच्या हातात होता, तो त्याला सोडवून घेता येईना. समोर त्याच्या मेलेल्या बापाच्या गोष्टीवर गाव लोळत होतं आणि शेजारी ती बाई आनंदाने रडत होती. त्याने नुमायला शोधलं. सगळ्या गर्दीत ती एकटीच हसत नव्हती.

घरी आल्यावर तिने रताळी सोलता सोलता विचारलं, "आता तरी सांगशील?"

"काय सांगू तिला? मिस, बावीस वर्षं तुझ्याशी खोटं बोललो, असं?"

नुमायने सुरी थांबवली. मग पुढचं रताळं घेतलं.

दोन वर्षांनी मिसचे हात थरथरायला लागले. तिला न्यायला विमान आलं तेव्हा गावातल्या बायकांनी तोंडाला चिखल फासून, कुणी मेल्यावर काढतात तसा गळा काढला. तिने जाताना खोकी सोबत नेली, फिती सोबत नेल्या. त्या फितींत योंबलचा पंचविशीच्या आतला आवाज होता, प्रत्येक शब्द तीनदा आणि अगदी बरोबर.

गावाला वाटलं, झालं, संपलं. पुस्तक म्हणजे शाळेतली एक गंमत. पण पुस्तक शाळेतून बाहेर यायला लागलं. पोरं रोज सकाळी मास्तरच्या मागे एका सुरात म्हणायची, आणि मास्तर जसं छापलंय तसं म्हणायचा. योंबलची नात डेल्मा त्यांच्याकडेच राहायची. आईला आणि आजीला कोंदुगेत हाक एकच. सात वर्षांची डेल्मा एके दिवशी शाळेतून धावत आली आणि दारातूनच ओरडली, "ओलो, भूक लागली!"

नुमायने तिच्या पाठीत धपाटा घातला. पोर रडायला लागली. तिला खरंच कळलं नव्हतं काय चुकलं. योंबलने तिला पुढ्यात घेतलं, तोंड उघडून दाखवलं, जीभ कुठे टेकते ते दाखवलं. डेल्माने प्रयत्न केला. तिच्या तोंडून ग आला, मग ल आला, दोघे हातात हात घालून येईनात. "मास्तर असं नाही म्हणत," ती मुसमुसत म्हणाली.

एकटी तीच नव्हती. त्या वर्षी शाळेत बसलेल्या सगळ्याच पोरांच्या तोंडातला मागचा ग्ळ पुढे सरकत चालला होता.

तोवर योंबल मिसच्या हाताखाली थोडंफार लिहायवाचायला शिकला होता. त्याने एक बॉलपेन मिळवलं आणि शाळा सुटल्यावर जाऊन एकेका प्रतीत, जिथे जिथे मागचा ग्ळ हवा तिथे अक्षराखाली ठिपका द्यायला सुरुवात केली. दहा दिवसांत चार प्रती झाल्या. अकराव्या दिवशी गवेरा मास्तरने त्याला पाहिलं.

"काका, ही सरकारी पुस्तकं आहेत. यांवर रेघोट्या मारायच्या नाहीत."

"रेघोट्या नाहीत, मास्तर. चुकलेलं आहे."

"छापलेलं कसं चुकेल? आणि चुकलंच असलं तर सांगणारे तुम्हीच ना? पहिल्याच पानावर तुमचं नाव आहे."

ते खरंच होतं. मिसने आग्रहाने छापून घेतलं होतं.

तो मालट्रकमध्ये कॉफीच्या पोत्यांवर बसून प्रांताच्या गावी गेला. कचेरीतल्या बाईने त्याचं शांतपणे ऐकून घेतलं, दोन्ही शब्द म्हणायला लावले, आणि अपराधी चेहऱ्याने म्हणाली, "मला तर सारखेच वाटतात हो, काका. तुम्ही असं करा, लेखिकेकडून पत्र आणा. त्या म्हणाल्या तर बदलू."

मग योंबलने पिजिनमध्ये, सगळ्या टोळ्यांना कळणाऱ्या मोडक्या बाजारी इंग्रजीत, पत्र लिहिलं. पिजिनमध्ये ते सोपं गेलं, कारण पिजिनमध्ये लाज वाटायला लावणारे शब्द त्याला कमी येत होते. मी पहिल्या वर्षी खोटं बोललो. दोन आहेत. माझ्यावर रागाव, पण पत्र पाठव.

उत्तर यायला दीड वर्ष लागलं. ते मिसचं नव्हतंच, तिच्या भाचीचं होतं, उर्सुलाचं. ते इंग्रजीत होतं; गवेरा मास्तरने वाचून योंबलला पिजिनमध्ये सांगितलं. मावशी आता कुणाला ओळखत नाही, आपली स्वतःची भाषाही विसरली आहे. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं, तिला काही कळलं नाही. मात्र दिवसभर ती एक शब्द म्हणत राहते, एकदा नाही, दर वेळी तीनदा. इथे कुणालाच तो कळत नाही. ती काय मागते आहे? मास्तरने तो शब्द अक्षरं जुळवून म्हटला. "ओलो, ओलो, ओलो."

योंबलने पत्र हातात घेतलं. तो शब्द त्याने बोटाने चाचपला, जशी काही कागदात खोलवर कुठे जीभ टेकल्याची खूण लागेल.

"काय म्हणतेय ती?" नुमायने विचारलं.

"कसं सांगू? आई म्हणतेय की शेंबूड म्हणतेय?"

चाळीस मैलांवरचं प्रांताचं गावही नुमायने पाहिलं नव्हतं. पण एका थंड देशात खिडकीशी बसलेली ती बाई, थरथरत्या हातांची, तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या बाईला आई हवी होती, की नाक पुसायला कुणीतरी हवं होतं? "लिही की," ती म्हणाली, "दोन्ही लिही."

मास्तरने योंबलच्या सांगण्यावरून लिहिलं. ओलो म्हणजे आई. ओलो म्हणजे शेंबूड. मग लेखणी थांबवून तो म्हणाला, "काका, त्यांना हे वाचून काय कळणार?"

"लिहा पुढे, मास्तर. आधी नाक पुसा. तरी थांबली नाही तर तिच्यापाशी बसा, केसांतून हात फिरवा."

त्या पत्राला उत्तर आलं नाही.

आणखी तीन वर्षांनी, थंडी-पावसाच्या दिवसांत, नुमायच्या छातीत कफ भरला. दवाखान्यातली औषधं संपलेली, पट्टीवर धुकं बसलेलं, त्यामुळे विमान नाही. सहाव्या दिवशी दुपारी ती गेली. बायका अंगाला चिखल फासून जमल्या आणि ओग्ळो, ओग्ळो म्हणून आक्रोश करू लागल्या. तो आवाज घशातून, पार मागून, जमिनीतून निघाल्यासारखा येत होता. डेल्मा आता चौदा वर्षांची होती. आजीच्या पायांना मिठी मारून ती जीव तोडून रडत होती, आणि तिच्याबरोबर शाळेतल्या सगळ्या पोरी. त्यांच्या तोंडून दातांतला, हलका ल येत होता. एका म्हातारीने दुसरीकडे बघितलं. दोघींचे खांदे गदगदले, आणि ते रडण्याने नव्हे हे योंबलला कळलं. लगेच त्या शरमल्या, आणि आणखी मोठ्याने गळा काढला.

योंबल भिंतीला टेकून बसला होता. डेल्मा त्या घरातल्या कुणाहीपेक्षा खरं रडत होती. तिला आता काय सांगणार, आणि कुठल्या तोंडाने? तो उठून तिच्याजवळ जाऊन बसला एवढंच. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून तोच शब्द म्हणत राहिली, आणि तो तिच्या केसांवरचा चिखल बोटांनी काढत राहिला.

पुढे सरकारने धोरण बदललं. पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आली, गवेरा मास्तरची बदली झाली, आणि नव्या मास्तरीणबाईंनी कपाट रिकामं करून कोंदुगेची पुस्तकं ज्याला हवी त्याला देऊन टाकली. गावात तंबाखू पिकते, तिला गुंडाळायला कागद मात्र दुर्मीळ. महिनाभर सगळ्या धारेवर माणसं पहिल्या माणसाची गोष्ट ओढत होती. पोरांच्या तोंडात ग्ळ काही परत आला नाही. पुस्तक गेलं तरी त्याने लावलेली सवय राहिली.

एका सकाळी कॉफीच्या झाडांखाली शेजाऱ्याने योंबलपुढे तंबाखू धरली आणि एक पान फाडून दिलं. योंबलने ते उलटसुलट करून बघितलं. त्यावर ठिपके नव्हते. त्याने तंबाखू पसरली, कडेला थुंकी लावली, आणि विडी पेटवून कुदळ उचलली. कागद पातळ होता. चांगला जळत होता.